कान ठणठणीत, मी आडवा

माझ्या उजव्या कानात एक रातकिडा बिऱ्हाड करून आहे. भाडं देत नाही, रात्रपाळी मात्र चुकवत नाही. आधी मी फ्रिजवर संशय घेतला, मग इन्व्हर्टरवर. एका रात्री मेन स्विचच बंद केला. पंखे थांबले, बायको जागी झाली, आवाज तेवढा चालू राहिला.

डॉक्टरांनी ऑडिओग्राम काढला. २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत सगळं २५ डेसिबलच्या आत, म्हणजे झकास. बायकोनं रिपोर्ट नीट वाचला. "म्हणजे तुम्हाला सगळं ऐकू येतं तर!" संसारातली माझी हुकमी सबब एका कागदानं बुडाली.

निघता निघता मी बोलून गेलो की, वळताना भिंत जरा अंगावर येते. झालं! ऐकण्याचे आणि तोलाचे निरोप मेंदूची आठवी नसच नेते. ऑडिओग्राम फक्त ऐकण्याचं खातं तपासतो, असं डॉक्टर म्हणाले. कान वाजणाऱ्या प्रत्येकाचा तोल जातो असं नाही, पण बघून घेऊ.

डोळे मिटून जागच्या जागी पावलं टाकायची होती. मी शाळेतल्या कवायतीच्या जोशात टाकली. डोळे उघडले तर समोर डॉक्टरांऐवजी बेसिन.

मग खाटेवर आडवं करून डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि कानात पाणी सोडलं. एकदा ३० अंशांचं, एकदा ४४. अंगाच्या तापमानाच्या सात अंश खाली-वर. त्यानं आतल्या नलिकेतला द्रव सरकतो आणि मेंदूला वाटतं, स्वारी गरगर फिरतेय. जत्रेतला पाळणा, तोही झोपून. "काका, झोपू नका, सतराचा पाढा म्हणा!" तपासणी करणारी मुलगी ओरडली. गरगरण्यानं बुबुळांना बसणारे झटके मोजायचे असतात, आणि मन जागं नसेल तर ते मंदावतात म्हणे. सतरा पंचे पंच्याऐंशीपर्यंत ठीक चाललं, पुढं खोली वळली आणि मी एकोणिसाच्या पाढ्यात शिरलो. पाण्यानं गरगरण्याचं हे गूढ व्हिएन्नाच्या डॉक्टर रॉबर्ट बारानीला पेशंटांचे कान धुताना उकललं. तोलाच्या इंद्रियावरच्या कामासाठी त्याला १९१४ चं नोबेल मिळालं. पेशंटांना काय मिळालं, ते मी सांगू शकतो: ओकारी.

उजवा कान तोलात डाव्यापेक्षा सुस्त निघाला. आता व्यायाम म्हणून रोज गॅलरीत अंगठा नाकासमोर धरून, त्यावरची नजर न हलवता मान नाही-नाही करत हलवतो. समोरच्या आजींनी हात करणं सोडलंय.

तुमचाही एकच कान वाजत असेल आणि जोडीला चक्कर असेल, तर ऑडिओग्राम चांगला आला म्हणून घरी बसू नका. तपासणीला हलक्या पोटी जा आणि येताना रिक्षा करा, स्कूटर नको.