शेठ सुरतला गेलेत!

1 जुलै हा आपल्या नंदुरबार जिल्ह्याचा वाढदिवस. 1998 साली याच दिवशी आपण धुळ्यापासून वेगळे निघालो. सव्विसाव्या वाढदिवसाला, 2024 मध्ये, दिल्लीहून आहेर आला : नवी नागरिक सुरक्षा संहिता. त्यात घरातल्या बाईलाही समन्स घेण्याचा हक्क मिळाला. 1973 च्या संहितेत सज्ञान पुरुषच लागे. म्हणजे दारूचा अड्डा बंद करा म्हणून अर्जावर अंगठे उठवायचे बायांनी, पण त्याचा कागद घ्यायचा पुरुषाने. आणि पुरुष कुठे? अड्ड्यावर!

उपद्रव हटवण्यासाठी प्रांतसाहेब सशर्त आदेश काढतात. कलम 133 चे आता 152 झाले. अड्डा होता तिथेच आहे. आदेश म्हणतो, धंदा बंद कर, नाहीतर येऊन कारण सांग. पण आधी हा कागदही समन्ससारखाच बजावला पाहिजे. हवालदार दारात उभा. आत ग्लास खणखणतायत, शेंगदाण्याच्या पुड्या सुटतायत. गल्ल्यावरचा पोरगा मान वर न करता सांगतो, "शेठ सुरतला गेलेत."

"मग तू घे."

"मी नोकर, साहेब."

पोरगा शाळेत गेला नसेल, पण कायदा पक्का. नोकर म्हणजे कुटुंबीय नव्हे, हे संहितेतच लिहिले आहे.

शेठला खरे तर सुरतेपर्यंत जायचीही गरज नाही. नवापूर स्टेशनातून राज्याची सीमा जाते. बाकावर जरा सरकून बसले की गुजरात! मग समन्सच्या दोन प्रती रीतसर तिकडच्या दंडाधिकाऱ्याकडे रवाना. त्या पोहोचेपर्यंत शेठ पुन्हा अलीकडे सरकलेला.

आता समन्स मोबाईलवरही धाडता येते. उत्तम सोय. अक्राणीच्या डोंगरात फक्त रेंजची टेकडी तेवढी शोधायची.

काहीच जमले नाही तर रामबाण उपाय : घराच्या ठळक भागावर प्रत डकवायची. हवालदार पंच गोळा करतो. पंच कोण, तर आतलीच दोन गिऱ्हाइके. सही थोडी तिरकी येते, एवढेच. खळ लावून कागद दाराला चिकटतो, पंचनामा होतो, फाईल पुढे सरकते.

धंद्याचेही काही बिघडत नाही. उलट बिनपाटीच्या दुकानाला सरकारी खर्चाने पाटी मिळते. परगावचा पाहुणा पत्ता विचारतो, तेव्हा लोक बोट दाखवून सांगतात, "ते काय, नोटीस लावलेलं!"