उंबरमाळीचा मुक्काम

मुंबई-नाशिक रस्त्यावर गाडी बंद पडायला जागांची कमी नाही. पडघा आहे, शहापूर आहे, आटगाव आहे. तिथे गॅरेज मिळतं आणि चहाही. आमच्या गाडीने हे सगळं सोडून, कसारा घाट समोर दिसू लागल्यावर, उंबरमाळीला वाफ सोडली.

मागच्या सीटवरून मामा म्हणाले, "मी आटगावलाच म्हटलं होतं, वास येतोय." आटगावला मामा घोरत होते.

विम्याबरोबर घेतलेल्या मदतसेवेला फोन लावला. बॅटरी उतरली, पंक्चर झालं, डिझेल संपलं, किल्ली आत राहिली, सगळ्याला माणूस येतो. स्टेपनी तेवढी आपली लागते.

"सर, जवळची खूण सांगा."

"उंबरमाळी."

"उमरखाडी?"

"उंबरमाळी! खर्डी आणि कसाऱ्याच्या मधलं लोकलचं स्टेशन."

"जवळ एखादा मॉल आहे का, सर?"

मी चौफेर पाहिलं. भाताची खाचरं होती, साग होता आणि दोन म्हशी होत्या. मॉल नाही, असं नम्रपणे कळवलं.

ही मदतीची कल्पना तशी जुनी. लंडनला १९०५ साली मोटारवाल्यांनी संघटना काढली, ती वेग मोजायला दबा धरून बसणाऱ्या पोलिसांची आगाऊ खबर द्यायला. म्हणजे आधी हवालदारापासून सुटका, बिघाडापासून नंतर. मुंबईतही १९१९पासून मोटारवाल्यांची संघटना आहे. उंबरमाळीला मात्र संघटना लागत नाही. बॉनेट उघडलं की ती आपोआप जमते. कुणी म्हणे फॅन, कुणी म्हणे गॅस्केट, कुणी म्हणे गाडीच विका.

मामा रुमाल गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाकडे निघाले. तेवढ्यात थांबलेला एक ट्रकवाला ओरडला, "ओ काका, हात नका लावू! आत उकळतं पाणी दाबाखाली असतं, तोंडावर येईल. अर्धा तास गार होऊ द्या. आणि दादा, तुम्ही १०३३ लावा. मॉल नाही विचारत ते. किलोमीटरचा दगड वाचून सांगा."

हा राष्ट्रीय महामार्गाचा टोल-फ्री नंबर, दिवसरात्र चालू. दगड वाचला. गस्तीची गाडी आली, मागे ट्रॅफिक कोन मांडले गेले, क्रेनने आम्हाला रस्त्यातून बाजूला घेतलं. "गाडी रस्त्यातून काढणं आमचं," गस्तवाला म्हणाला, "इंजिन तुमचं."

माझा चेहरा पाहून त्याने धीर दिला. "लाजता कशाला? पलीकडे रेल्वे बघा. कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना ३७ फुटांत १ फूट चढ. मेलगाडीलासुद्धा मागून ढकलायला बँकर इंजिन लावतात. रेल्वे घाटाआधीच धक्का मागून घेते. तुम्ही लोक वाफ निघेपर्यंत थांबता."

खर्डीचा फिटर मोटारसायकलवरून आला. रेडिएटरच्या होजची क्लिप सैल होती. ती त्याने पान्ह्याने आवळली, गार झाल्यावर कूलंट भरलं आणि एवढेसेच पैसे घेतले. जमलेल्या तज्ज्ञांना हे निदान पटलं नाही. गॅस्केटवाले तर नाराज होऊनच गेले.

गाडी सुरू झाली आणि फोन वाजला. "सर, आमचा माणूस उमरखाडीला पोचलाय, पण आपली गाडी दिसत नाही."

मामांनी फोन हातातून घेतला. "त्याला विचारा, जवळ एखादा मॉल आहे का?"