यादीत हस्की नव्हता

मे 2025 मध्ये मुंबईतल्या एका न्यायालयाने वरळीच्या एका कुत्रामालकाला चार महिन्यांची कैद सुनावली. प्रकरण 2018 चं. शेजारी आपल्या लहान मुलाला घेऊन लिफ्टमध्ये होता. मूल कुत्र्याला घाबरतं, जरा थांबा, असं त्याने सांगितलं. मालक थांबला नाही. कुत्रा घेऊन आत शिरला आणि कुत्र्याने शेजाऱ्याच्या हाताचा चावा घेतला. कुत्रा होता हस्की. देखणा, झुबकेदार शेपटीचा, लोक ज्याच्याबरोबर हौसेने फोटो काढतात तो.

आता केंद्रीय पशुसंवर्धन विभागाचं 12 मार्च 2024 चं परिपत्रक पाहा. माणसाच्या जिवाला धोकादायक ठरवलेल्या 23 प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री बंद करा, घरोघरी आधीच असलेल्यांची नसबंदी करा, असं त्यात राज्यांना कळवलं होतं. पिटबुल आहे, रॉटवायलर आहे, केन कोर्सो आहे. हस्की नाही. वरळीच्या त्या मालकाला या यादीने हातही लावला नसता. रॉटवायलरला पिल्लू असल्यापासून शिस्त लावणारी, पट्ट्याशिवाय त्याला दाराबाहेर न काढणारी बाई मात्र तिच्यात अडकली असती.

बरं, यादी तरी नीट करावी! टोसा हा एकच कुत्रा तिच्यात दोन नावांनी दोनदा आला. ‘टेरियर’ एवढंच लिहून अख्खा गट आत ओढला. मांडीवर मावणारा यॉर्कीही त्याच गटातला. कर्नाटक उच्च न्यायालयाने 10 एप्रिल 2024 रोजी हे परिपत्रक रद्द केलं. ज्यांच्यावर बंधनं येणार त्यांचं म्हणणंच ऐकलं नव्हतं, हे त्यामागचं एक मोठं कारण. दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकलं नाही.

परिपत्रक गेलं, शिक्का राहिला. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. रॉटवायलर आहे म्हटल्यावर भाड्याचं घर हातचं जातं. सोसायटीच्या सभेत ‘तो कुत्रा’ हा विषय निघतो आणि कुत्र्याने कधी कोणाला काही केलं का, हे कोणी विचारत नाही. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, असं भारतीय पशुकल्याण मंडळाने 2015 मध्येच स्पष्ट केलं आहे. हे किती सेक्रेटरींनी वाचलंय?

भीती खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. जुलै 2022 मध्ये लखनौत घरच्याच पिटबुलने एका वृद्ध महिलेचा जीव घेतला. दांडगा कुत्रा बिथरला तर पॉमेरेनियनपेक्षा कितीतरी जास्त इजा करतो, हे उघड आहे. म्हणून नियम कडकच हवेत. ते मालकाला लागू व्हायला हवेत, एवढंच माझं म्हणणं.

जुलै 2025, मानखुर्द. रिक्षात बसलेल्या अकरा वर्षांच्या मुलावर पिटबुल सोडला गेला. मुलगा किंचाळत होता, कुत्रा चावत होता आणि मालक हसत होता. चित्रफीत देशभर पाहिली गेली. ती बघून ज्याला पिटबुलच्या जातीवर बंदी घालावीशी वाटते, त्याने त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. उद्या त्याच्या हातात अल्सेशियन दिला तर तो वेगळं काय करेल? त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. पण प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 मध्ये शिक्षा आहे जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि तीही मिळते कधी? 2010 साली मुंबईत एका रॉटवायलरने चावा घेतला, त्याच्या मालकाला शिक्षा झाली 2023 मध्ये. तेरा वर्षं! यादी एका दुपारी टाइप होते.

ब्रिटनने यादीचा हा प्रयोग आपल्या आधी केला. 1991 च्या कायद्याने चार प्रकारचे कुत्रे बंद झाले. ज्यांना दहशतीसाठीच कुत्रा हवा होता, त्यांच्यासाठी बाजारात नवा कुत्रा आला: एक्सएल बुली. 2023 च्या अखेरीस तोही यादीत घालावा लागला. आपला कुत्रा मारून टाकणाऱ्या मालकाला सरकारने 200 पौंड देऊ केले. कोणालाही न चावलेले कुत्रेही त्यात गेले. नेदरलँड्सने 1993 मध्ये आणलेली बंदी 2008 मध्ये मागे घेतली, कारण चावे कमी झाले नाहीत. आणि 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास आला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला जेमतेम नऊ टक्के जातीमुळे, असं त्यात दिसलं. तरीही चंदीगडने 2025 मध्ये सहा जातींवर बंदी घातलीच.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हे थांबवा. दांडग्या कुत्र्याच्या मालकाला परवाना, प्रशिक्षण आणि त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा करा. कुत्रा माणसावर सोडणाऱ्याला पुन्हा आयुष्यात कुत्रा पाळू देऊ नका. आणि सुरुवात ब्रीडरपासून करा. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार त्याला राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू त्याला विकता येत नाही. तरीही आईपासून लवकर तोडलेली, चिडकी, भेदरलेली पिल्लं मोबाइलवर फोटो दाखवून विकली जातात. महाराष्ट्रात नोंदलेले ब्रीडर कोण, त्यांची तपासणी शेवटची कधी झाली, किती जणांची नोंदणी रद्द झाली, हे मंडळाने नावानिशी जाहीर करावं. यादी छापायचीच असेल तर ही छापा.