पाकिटावरचं 'जीएम' कसं शोधावं : नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

जनुकीय बदल केलेल्या, म्हणजे जीएम, अन्नावर तसं छापणं सक्तीचं असावं का, या वादात तुम्हाला उतरायचं आहे, पण कुठून शिरावं ते कळत नाही. काळजी नको. खालच्या पायऱ्या क्रमाने चढा, दिवाळीच्या फराळापर्यंत तयार व्हाल.

साहित्य : सरकीच्या तेलाचं एक लिटरचं पाकीट, जवळचा चष्मा, मोबाइलचा टॉर्च आणि गिऱ्हाइकावर न खेकसणारा किराणावाला.

पायरी १ : बाजू घ्या
माहिती नंतरही गोळा करता येते. 'हे विष आहे, म्हणून छापा' ही एक बाजू. 'हे सुरक्षित आहे, म्हणून छापू नका' ही दुसरी. 'विष आहे की नाही ते तपासणारे तपासतील, तुम्ही छापा तर खरं' अशी तिसरीही आहे, पण नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये. तिथे दोन्हीकडून मार बसतो.

पायरी २ : पाकीट वाचा
पाकिटात जीएम अन्न असेल तर दर्शनी भागावर, सगळ्यात वर 'जीएम' छापावं, असा आपल्या वजनमाप खात्याचा नियम १ जानेवारी २०१३ पासून लागू आहे. किती टक्के असलं तर, ते नियमात नाही.

टॉर्च लावा. दोन मिनिटांत 'जीएम' सापडेल आणि तुम्ही दुकानातच ओरडाल. थांबा. त्याच्या आधी ९१० हा आकडा आहे ना? मग ते ग्रॅम. एक लिटर तेल साधारण तेवढंच भरतं.

आता दुकानदाराला विचारा.
"काका, यावर जीएम लिहिलेलं नाही?"
"लिटरवर जातं ते. ग्रॅममध्ये पाहिजे तर तूप घ्या."

पायरी ३ : सरकीचा माग काढा
बीटी कपाशीला आपल्याकडे मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. जमिनीतल्या एका जिवाणूचं जनुक तिच्यात घातलेलं असतं, त्यामुळे बोंडअळीला मारक असं प्रथिन रोपातच तयार होतं. आज देशातली ९० टक्क्यांहून जास्त कपाशी बीटीच आहे. तिची रुई जिनिंगमध्ये वेगळी झाली की उरते सरकी. सरकी पिळली की तेल आणि पेंड. तेल रिफायनरीतून फरसाणवाल्याच्या कढईत उतरतं, पेंड गोठ्यात म्हशीपुढच्या घमेल्यात पडते आणि संध्याकाळी तुमच्या दारात दूध येतं. 'आम्ही जीएम खात नाही' असं ठणकावून सांगायचं असेल, तर हातातली शेव आधी खाली ठेवा.

इथेच वादाची खरी गाठ आहे. रिफाइंड तेलात प्रथिन आणि डीएनए जवळजवळ उरतच नाही, प्रयोगशाळेच्या हाती काही लागत नाही. मग छापायचं काय, असं कारखानदार विचारतो. ज्या रोपाचं तेल आहे त्याचं नाव छापा, असं ग्राहक म्हणतो.

पायरी ४ : कायदा समजून घ्या (दहा मिनिटं. त्यानंतर सोडून द्या.)
२००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याचं कलम २२ म्हणतं, नियमात तरतूद असल्याशिवाय जीएम अन्न विकूच नका. वजनमापाचा नियम म्हणतो, विकलंत तर छापा. एक कायदा अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे, दुसरा वजनमापवाल्यांकडे. प्राधिकरणाने २०२१ मध्ये मसुदा आणला : १ टक्का किंवा जास्त जीएम घटक असेल तर पाकिटावर सांगा. २०२२ मध्ये सुधारून पुन्हा आणला. मसुदा हा लोणच्यासारखा असतो, मुरू द्यावा लागतो.

पायरी ५ : परदेशचे दाखले पाठ करा
युरोपात नकळत झालेली भेसळ ०.९ टक्क्यापर्यंत चालते, अमेरिकेत ५ टक्क्यांपर्यंत. युरोप कूळ विचारतो : तेलात डीएनए सापडो न सापडो, जीएम रोपाचं असेल तर छापा. २०२२ पासून सक्तीच्या झालेल्या अमेरिकी नियमाने अंगावर काय सापडतं तेवढंच पाहिलं आणि शुद्ध केलेल्या तेल-साखरेला सूट दिली. शब्दही जीएम नव्हे, 'बायोइंजिनिअर्ड'. तोही नको असेल तर पाकिटावर क्यूआर कोड, म्हणजे माहिती हवी त्याने फोन काढावा. जीएम चारा खाल्लेल्या गाईच्या दुधावर मात्र दोघंही काही छापायला लावत नाहीत. गोठ्याशी सगळेच कायदे चपला काढून उभे राहतात.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका
बीटी वांग्याच्या भरताने पोट बिघडल्याचं सांगणं. त्या वांग्याला आपल्याकडे फेब्रुवारी २०१० मध्ये, नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेऊन, स्थगिती दिली गेली. बांगलादेशाने मात्र ते २०१३ मध्ये मंजूर केलं. पोट बिघडलं असेल तर तेल तपासा.

'जनुकं नसलेली' भाजी मागणं. २०१५ मध्ये ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या पाहणीत ८० टक्क्यांहून जास्त अमेरिकनांनी डीएनए असलेल्या अन्नावर तसं छापायची सक्ती हवी म्हणून सांगितलं. डीएनए मेथीतही असतं, भेंडीतही. मिठात नसतं, तरी 'नॉन-जीएमओ' मीठ विकलं जातंच.

पायरी ६ : हिरवा ठिपका काढा
'सुरक्षित आहे तर छापायचं कशाला?' असं कुणी विचारलं, की त्याच्याच बिस्किटाचा पुडा उलटा करा आणि हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवा. मटण धोक्याचं आहे म्हणून तो ठिपका आलेला नाही. आपल्या पोटात काय जातं ते लोकांना कळावं, एवढ्याचसाठी आला. तो पाहून कुणाला मटणाची दहशत बसली नाही, खाटकाचं दुकानही बंद पडलं नाही. हा मुद्दा जपून वापरा. एका बैठकीत एकदाच चालतो, नंतर लोक मटणावर बोलू लागतात.

पायरी ७ : ग्राहक कक्षाला फोन लावा
नंबर पाकिटाच्या मागे असतो. गाणं संपेपर्यंत धीर धरा. मग स्पष्ट विचारा, "तुमच्या तेलातली सरकी बीटी कपाशीची आहे का?" पलीकडे थोडी शांतता पसरेल, कुणाला तरी विचारलेलं ऐकू येईल. मग उत्तर येईल :

"सर, निश्चिंत राहा. आपलं तेल शंभर टक्के शाकाहारी आहे."

आभार मानून फोन ठेवा. तुमचा अभ्यासक्रम पूर्ण झाला.