दोरीवरचे नाना

धुणं यंत्राला जमतं, वाळत घालायला माणूसच लागतो, असं ठाम मत असलेले एक तरी निवृत्त गृहस्थ प्रत्येक इमारतीत असतात. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत ते नाना. यंत्रानं कितीही पिळलेला सदरा असो, नाना तो दोनदा झटकणारच. आणि असा, की गच्चीवरची कबुतरं उडावीत. "झटकलं की निम्मी इस्त्री झाली!"

त्यांच्या दोऱ्यांचा क्रम ठरलेला. चादरी बाहेरच्या दोरीवर. रंगीत शर्ट उलटे करून, खालची कड वर. नाहीतर रंग विटतो आणि खांद्यावर चिमट्याचे वण उठतात. गंजी-चड्ड्या मधल्या दोरीवर, चादरींच्या आड. "घरची अब्रू आहे, चव्हाट्यावर कशाला?" चिमट्यांबद्दल त्यांचं मत वाईट. "महालक्ष्मीच्या धोबीघाटावर बघा. पीळ घातलेली दोरी, त्या पिळात टोक खोचायचं. चिमटा हवाय कुणाला?" हे सांगताना त्यांच्या लेंग्याचा खिसा चिमट्यांनी फुगलेला असतो.

दुसऱ्याची दोरी दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. "वहिनी, जीन्सचे खिसे बाहेर काढा, उद्यापर्यंत ओले राहतील." "अरे, टॉवेल दुहेरी घातलास? वारा शिरणार कुठून? नुसत्या उन्हानं नाही वाळत बाबा, वारा लागतो!" नानी हे ऐकून कपाळाला हात लावतात. "नोकरीत असताना स्वतःचा ओला टॉवेल पलंगावरून कधी उचलला नाही यांनी."

जून लागला की नाना वेधशाळेवरचा भरवसा सोडतात आणि स्वतःच खाडीकडचं आभाळ न्याहाळत बसतात. घरात पंख्याखाली दोऱ्या चढतात, दोन कपड्यांत चार बोटं अंतर राहतं आणि पाहुण्यांना ओल्या लेंग्यांखालून वाकून सोफा गाठावा लागतो. कुबट वास आला, तर तो पावसाचा नव्हे, घाईघाईत घातलेल्या घडीचा दोष.

भर दुपारी सर येते तेव्हा निम्मी इमारत मुंबईत कामावर असते. नाना गुडघे विसरून गच्चीवर धावतात आणि सगळ्यांचे कपडे ओढून आणतात. संध्याकाळी लोकलमधून चेंगरून आलेल्या माणसाच्या हातात कोरड्या कपड्यांची नीट घडी ठेवतात. तो आभार मानेपर्यंत नाना अर्धा जिना उतरलेले असतात आणि तिथूनच, तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "बनियनला दोन भोकं आहेत हो तुमच्या. पगार झाला असेल, नवीन घ्या आता!"