आर्द्रतेविषयीचे कोरडे वाङ्मय

धातूच्या ऑक्साइडवर चालणाऱ्या वायुसंवेदकाला, म्हणजे बाजारात ज्याला गॅस सेन्सर म्हणतात त्याला, वास कळतो असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः त्याला केवळ स्वतःचा विद्युतरोध कळतो आणि त्या रोधाचा अर्थ लावण्याचे काम तो मोठ्या विश्वासाने इतरांवर सोपवतो. तापवलेल्या टिन डायऑक्साइडच्या पृष्ठभागावर हवेतील ऑक्सिजन ठाण मांडून बसतो व तेथील इलेक्ट्रॉन अडवून धरतो, त्यामुळे रोध चढतो. अल्कोहोलच्या वाफेसारखा क्षपणकारक, म्हणजे ऑक्सिजन हिरावून घेणारा, वायू आला की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध उतरतो. जपानमधील नाओयोशी तागुची यांनी १९६२ साली ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला तो संवेदक याच तत्त्वावर उभा होता. अडचण एवढीच की त्या पृष्ठभागावर पाण्याची वाफही येऊन बसते आणि तीही रोध उतरवते, त्यामुळे श्रावणातल्या निर्मळ हवेत नुकताच कोणी रंगाचा डबा उघडला असावा, असा संशय संवेदकाला येऊ लागतो. या संशयावरच्या उताऱ्याला आर्द्रता-भरपाई म्हणतात. हवेत वाफ किती आहे हे संवेदकाला बाहेरून कळवायचे, की तिच्यामुळे पडलेला फरक त्याने हिशेबातून वगळावा.

ही भरपाई करणाऱ्या मुक्त-स्रोत आज्ञावल्या, म्हणजे ज्यांचा मूळ मजकूर कोणासही वाचता, बदलता व वाटता येतो अशा आज्ञावल्या, विपुल आहेत. त्या वापराव्यात कशा हे सांगणारे वाङ्मय मात्र सूत्रशैलीत रचलेले असते. अर्धी मात्रा वाचली तरी पुत्रजन्माचा आनंद मानणाऱ्या वैयाकरणांची परंपरा अन्यत्र क्षीण झाली असली, तरी ‘रीडमी’ नावाच्या फायलीत ती जोमाने नांदत आहे. ‘आर्द्रता-भरपाईची सोय आहे’ या सूत्रात सोय कोणत्या एककात, कोणत्या मर्यादेत आणि कोणाच्या भरवशावर आहे, याचा उलगडा भाष्यकारावर सोपवलेला असतो, आणि पाणिनीला लाभला तसा पतंजली येथे अद्याप कोणास लाभलेला नाही.

स्वित्झर्लंडच्या सेन्सिरियन कंपनीचा एसजीपी३० हा संवेदक या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्याला हवी असते ती निरपेक्ष आर्द्रता, म्हणजे एक घनमीटर हवेत वाफेचे किती ग्रॅम आहेत तो आकडा, आणि तोही २५६ ने गुणून. त्यासाठी उपलब्ध असलेल्या दोन लोकप्रिय लायब्रऱ्यांत, म्हणजे आयत्या आज्ञावल्यांच्या संचांत, ‘सेट ह्युमिडिटी’ या एकाच नावाचे आदेश आहेत, परंतु एकीला आकडा मिलिग्रॅममध्ये लागतो आणि दुसरीला २५६ ने गुणलेल्या ग्रॅममध्ये. ११.५७ ग्रॅम, म्हणजे २५ अंश तापमानाच्या व ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या प्रयोगशाळीय हवेतील वाफ, पहिलीसाठी ११५७० होते व दुसरीसाठी २९६२. पहिलीचा आकडा दुसरीला दिला तर तिची समजूत अशी होते की घनमीटरमागे ४५ ग्रॅम वाफ आहे, म्हणजेच ३७-३८ अंशांची खोली वाफेने काठोकाठ भरलेली असून संवेदक बहुधा इडलीपात्रात ठेवलेला आहे. उलट, हवामानाच्या बातम्या ऐकून एखाद्याने भाबडेपणाने नुसते ५० लिहिले, तर त्याच लायब्ररीला घनमीटरमागे ०.२ ग्रॅम दिसतात आणि दिवाणखान्याची रवानगी दक्षिण ध्रुवाकडे होते. दोन्ही प्रसंगी आज्ञावली तक्रार करत नाही. आकडा पूर्णांक असला की तिचे समाधान होते.

टक्केवारी सोडून ग्रॅमचा आग्रह का, हे सांगणारे एखादे वाक्य दस्तऐवजात असावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. संवेदकाच्या पोटात तापक असतो. त्याच्या व शेजारच्या मंडलांच्या उष्णतेने डबीतील हवा २५ वरून ३० अंशांवर गेली तर सापेक्ष आर्द्रता ५० वरून सुमारे ३७ टक्क्यांवर उतरते, पण प्रत्यक्ष वाफ कोठेही गेलेली नसते आणि घनमीटरमागचे ग्रॅम जवळपास तेवढेच राहतात. तापमानातली व टक्केवारीतली अशा दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतात, मात्र त्या एकाच डबीतल्या असाव्या लागतात. टक्केवारी डबीतून आणि तापमान वेधशाळेकडून घेणाऱ्याच्या पदरी साडेआठ ग्रॅम पडतात, आणि वाफेचा चौथा हिस्सा कागदावरच उडून जातो.

एमक्यू-१३५ या स्वस्त व म्हणून सर्वव्यापी संवेदकाच्या बाबतीत प्रश्न निराळा आहे. त्याच्या एका बहुप्रचलित लायब्ररीत उत्पादकाच्या आलेखावरून बेतलेले दुरुस्तीसूत्र असून त्यात आर्द्रतेसाठी सरळ रेषा आणि तापमानासाठी अन्वस्त, म्हणजे उतरून पुन्हा चढणारा वक्र, योजलेला आहे. दिलेल्या सहगुणकांवरून हिशेब केला तर हा वक्र ३८.८ अंशांवर तळ गाठून माघारी वळतो. म्हणजे ४५ अंशांच्या दुपारी सूत्राची जी दुरुस्ती येते तीच ३२.७ अंशांनाही येते, आणि मे महिन्यातील नागपूर जसजसे तापते तसतसे ते या सूत्राच्या लेखी निवत जाते. समशीतोष्ण देशातील वापरकर्त्याला हा वळसा कधी दिसणार नाही, म्हणून ‘सूत्र ३८ अंशांपर्यंतच वापरावे’ ही ओळ लिहिण्याचे कर्तव्य विदर्भाकडे येते.

अशी ओळ जोडण्याच्या प्रस्तावाला पुल रिक्वेस्ट म्हणतात, आणि तिच्या नशिबाचेही काही नियम दिसतात. शुद्धलेखनाची दुरुस्ती तत्काळ मंजूर होते. एककाची दुरुस्ती मात्र अडते, कारण जुन्या आकड्यांवर संसार थाटलेल्या आज्ञावल्यांचे काय करायचे हा प्रश्न उपस्थित होतो, आणि विनावेतन काम करणाऱ्या मेंटेनरकडे त्याचे उत्तर असावे अशी अपेक्षा धरणे निर्दयपणाचे आहे.

सर्वाधिक कसोटी लागते ती शून्याची. एसजीपी३० ला आर्द्रता शून्य कळवली तर तो हवा कोरडी मानत नाही; तो मूळच्या ११.५७ ग्रॅमवर परततो आणि यालाच भरपाई बंद करणे म्हणतात. वीज जाऊन आली की तो हेच करतो, त्यामुळे मुंबईच्या जुलैत, २८ अंश व ८५ टक्क्यांच्या हवेत, घनमीटरमागे २३ ग्रॅम वाफ असतानाही पुढचा आकडा मिळेपर्यंत तो निम्म्या वाफेवर निर्धास्त असतो. हे सर्व एका ओळीत मांडायचे तर ‘शून्य म्हणजे ११.५७’ असे लिहावे लागते. आणि नेमकी हीच ओळ तपासणीला गेली की तपासणारा सद्भावनेने, मुद्रणदोष समजून, तेथे ‘शून्य म्हणजे शून्य’ करून ठेवण्याची शक्यता फार मोठी असते.