बॉम्बे रव्वा

रविवारी सकाळी सातला हैदराबादेत आमच्या बरकतपुऱ्याच्या इमारतीत जिनाभर रवा भाजल्याचा वास सुटला, की समजायचं, वरच्या मजल्यावरच्या काकांनी ओट्याचा ताबा घेतला. चमनच्या बागेला तीन फेऱ्या मारून आले की काका भरपूर भाज्या घालून उपीट करतात. करतात म्हणजे परततात. मटार सोलणं, फरसबी चिरणं, कढीपत्ता धुणं असली किरकोळ कामं काकूंकडे.

पुण्यात मराठी असायला काही करावं लागत नाही. इथे रोज सकाळी उठून असावं लागतं, आणि काकांचा सगळा जोर रव्यावर.

"उपमा त्यांचा म्हणतात. अरे, किराण्याच्या दुकानात जा आणि रवा माग! काय देतो तो? बॉम्बे रव्वा! तेलुगू माणूस सकाळी उठून आपलाच रवा खातो, बरं का!"

आता हे खरंच आहे. बारीक रव्याला इथे बॉम्बे रव्वाच म्हणतात. पण काका तेवढ्यावर थांबले तर ना! कढईत उलथनं फिरत असतं आणि तोंडाने १९५६ सालची राज्य पुनर्रचना चालू असते. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होतात. मराठवाडा मुंबई राज्यात जातो तोवर रवा छान बदामी असतो. तेलंगण आंध्राला मिळेस्तोवर तो तांबूस होतो. बिदर-गुलबर्गा म्हैसूरच्या वाट्याला गेले की धूर.

"अहो, पाणी!" काकू ओरडतात.

काका नळाचंच पाणी घ्यायला निघतात. काकूंनी मघाशीच दुसऱ्या शेगडीवर आधण ठेवलेलं असतं, वाटीला अडीच वाट्या. त्या गुपचूप ओततात, गुठळ्या मोडतात, झाकण ठेवतात. काका लिंबू पिळतात आणि सांगतात, "जमलं बघ!"

परवा शेजारच्या आंटी विरजण मागायला आल्या. काकांनी आग्रहाने बशी हातात दिली.

"उप्मा बागुंदी," आंटी म्हणाल्या, म्हणजे छान आहे. आंटी भिडस्त आहेत.

"उप्मा नाही, उपीट! अस्सल मराठी शब्द!"

काकूंचं माहेर भालकीचं. इतकी वर्षं त्या ऐकत आल्या होत्या. कोथिंबीर निवडतानिवडता म्हणाल्या, "आमच्याकडचे कानडी लोक उप्पिट्टु म्हणतात. उप्पु म्हणजे मीठ, हिट्टु म्हणजे पीठ."

"मीठ उप्पे कदा!" आंटी खूश. तेलुगूतही मीठ म्हणजे उप्पुच.

दोन राज्यं एका बाजूला गेलेली पाहून काकांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात घास होता. मग त्यांनी स्वतःच एक चमचा तोंडात घातला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"अगं, यात..."

"उप्पुच राहिलंय," काकू म्हणाल्या आणि बरणी पुढे सरकवली.